पापड मऊ पडला की डबा ठेवून द्या

प्रश्न : माझ्या जुन्या वॅगन-आरच्या आरशाचं कव्हर फाटकाला घासलं. सिल्व्हरचा आणि क्लिअरचा (वरच्या पारदर्शक थराचा) स्प्रे आणून जुलैत घराच्या गॅलरीतच मारला. सिल्व्हर बरा बसला, पण क्लिअर मारल्यावर दहा मिनिटांत ताक सांडल्यासारखं पांढरट झालं. डबा खराब निघाला का? सगळं खरवडून काढू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डब्याला बोल लावू नका, आणि खरवडूही नका. चिपळूण, जुलै आणि उघडी गॅलरी, दुसरं काय होणार! स्प्रेतला थिनर भर्रकन उडतो आणि उडताना खालची ऊब घेऊन जातो. कव्हर गार पडलं की हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि ओल्या क्लिअरमध्ये अडकतं. तेच तुमचं ताक.

मी कोल्हापूरला उद्यमनगरात शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. गणपतीचा आदला दिवस, बाहेर पावसाची झिमझिम, गिऱ्हाईक बाकड्यावर बसून घड्याळ बघतंय. उस्ताद जेवायला गेलेले. मी पद्मिनीच्या दारावर हात मारून मोकळा झालो. उस्ताद परत आले, दाराकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दही कधी लावलंस?" रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही ते दार घासत होतो. तेव्हापासून पावसाळ्यात मी आधी पापडाला विचारतो. भाजलेला पापड दहा मिनिटं बाहेर ठेवायचा. कुरकुरीत राहिला तर काम, मऊ पडला तर सुट्टी.

आता तुमचं कव्हर. दोन दिवस घरात सुकू द्या. मग उघडीप मिळाली की नुसत्या क्लिअरचा एकच हलका हात मारा, 20-25 सेंटिमीटरवरून. फवारा कव्हरच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. नव्या क्लिअरमधला थिनर जुना थर जरा मऊ करतो, अडकलेली ओल निघून जाते. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), भरपूर पाणी, आणि हात अगदी हलका. डोळा पाण्यावर ठेवा. पांढरं पाणी निघतंय तोवर फक्त क्लिअर निघतोय. करडं दिसलं की तिथेच थांबा, तुम्ही सिल्व्हरपर्यंत पोचलात. सिल्व्हरमध्ये अॅल्युमिनियमचा चुरा असतो. तो घासला गेला की डाग पडतो आणि वरून कितीही क्लिअर मारलात तरी झाकत नाही. मग सिल्व्हर पुन्हा मारणं आलं. पुसायला थिनर घेऊ नका, आरशाची कव्हरं बहुतेक एबीएस प्लॅस्टिकची असतात, थिनरने चिकट होतात. भांडी घासायचा साबण पुरतो.

अजून एक. क्लिअरच्या डब्याच्या बुडाला दाबायची पिन असेल तर तो टू-के, म्हणजे दोन भागांचा क्लिअर. त्यात थर कडक करणारा हार्डनर असतो आणि त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला वाईट. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, रसायनाच्या वाफांसाठीचा कार्ट्रिजवाला मास्कच हवा. आणि गॅलरीत तर तो मारूच नका. शेजारच्यांच्या खिडक्या उघड्या असतात.

प्रश्न : पेट्रोलच्या झाकणाला साधा क्लिअर चालेल का? आमच्याकडे हवा कोरडीच असते. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. साध्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडून सुरकुततो. तिथे टू-केच लागतो, वरचा मास्क घालून, मोकळ्या जागेत. पण पिन एकदा दाबली की डबा एक-दोन दिवसांत आतून घट्ट होतो, म्हणून एका झाकणासाठी तो फोडणं महागात पडतं. आणखी काही भाग रंगवायचे असतील तर सगळे एकदमच रंगवून काढा.

सोलापूरचं दुखणं मात्र उलटं. मे महिन्यात दुपारी मारलात तर फवारा हवेतच वाळतो आणि झाकणावर रव्यासारखा बसतो. सकाळी उजाडल्या उजाडल्या मारा, आणि धूळ उडू नये म्हणून आधी अंगणात पाणी शिंपडा. चिपळूणकरांनी शिंपडू नये.