डार्क फोटॉन दिसतच नाही तर डेटामध्ये शोधतात कसा?

तुम्ही विचारलंय की डार्क फोटॉन, म्हणजे डार्क मॅटरशी जोडलेला असू शकेल असा सध्या फक्त थिअरीतला कण, डिटेक्टरमध्ये (कण टिपणाऱ्या यंत्रात) काहीच खूण सोडत नाही तर तो शोधणार कसा, आणि २०२३ मध्ये ६.५ सिग्माची, म्हणजे निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नगण्य असल्याची, बातमी आली होती म्हणजे तो सापडलाय का. याच प्रकारच्या ॲनालिसिसवर मी काही वर्षं काम केलंय म्हणून लिहितो.

सगळा खेळ हिशोब जुळवण्याचा आहे. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचा बाबार प्रयोग घ्या, तिथे ९ जीईव्हीचा (जीईव्ही हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन आणि ३.१ जीईव्हीचा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, समोरासमोर आदळायचे. आत किती ऊर्जा गेली ते पक्कं माहीत असतं, मग बाहेर एकटा साधा फोटॉन (प्रकाशाचा कण) आला आणि बाकी सगळा डिटेक्टर गप्प, तर उरलेली ऊर्जा कोणीतरी घेऊन गेलंय. फोटॉनच्या ऊर्जेवरून त्या न दिसलेल्याचं वस्तुमान काढता येतं, आणि तो खरंच नवा कण असेल तर ग्राफवर त्याच जागी उंचवटा येतो, आम्ही त्याला बंप म्हणतो.

पण दोन फोटॉन निघणं ही तिथली रोजची गोष्ट आहे, आणि त्यातला एक फोटॉन टिपणाऱ्या क्रिस्टलमधल्या फटीतून निसटला की चित्र हुबेहूब डार्क फोटॉनसारखं! माझ्या ग्राफवर एकदा शून्य वस्तुमानापाशी असेच जास्तीचे इव्हेंट (नोंदलेल्या टकरी) आले, दोन रात्री नीट झोप नाही, मग दिसलेल्या प्रत्येक फोटॉनचा जोडीदार कुठे जायला हवा होता ते काढत बसलो तर सगळे त्याच एका फटीवर येऊन टेकत होते. फार वाईट वाटलं, पण त्या दिवशी डिटेक्टर कळला.

बाबारला एकट्या फोटॉनसाठी खास ट्रिगर (कुठली टक्कर नोंदवायची ते ठरवणारी यंत्रणा) लावून घेतलेला डेटा २००७-०८ चाच मिळाला, निकाल आला २०१७ मध्ये, ८ जीईव्हीपर्यंत काही नाही. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा एनए६४ प्रयोग वेगळं करतो, १०० जीईव्हीचा इलेक्ट्रॉन थेट कॅलोरिमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या भागात, घालायचा आणि निम्मी ऊर्जा गायब झालेली केस शोधायची. सुमारे ९४ हजार कोटी इलेक्ट्रॉन झाले तरी एकही केस नाही.

आता ते ६.५ सिग्मा. त्यात बंप नाहीये. प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन, म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आदळवलेल्या जुन्या स्कॅटरिंग डेटाच्या फिटमध्ये, म्हणजे थिअरी डेटाशी जुळवून बघताना, डार्क फोटॉन घातला तर फिट बराच सुधारतो, एवढंच त्या संशोधकांनी दाखवलंय. तो कण पुढे कशात मोडतो यावर हे अवलंबून नाही, ही त्याची खरी ताकद. पण प्रोटॉनच्या आत क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) कसे वाटलेत हेही त्याच डेटातून काढलेलं असतं, त्यामुळे सुधारणा कणामुळे झाली की आपल्या थिअरीत काही राहून गेल्यामुळे हे वेगळं काढणं फार अवघड आहे, म्हणून मी याला शोध म्हणणार नाही.

मला आशा जपानच्या बेल टू या बाबारसारख्याच प्रयोगाकडून आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा गटही त्यात आहे. तिथल्या कॅलोरिमीटरच्या मधल्या भागातल्या फटी टक्कर होते त्या बिंदूकडे सरळ रोखलेल्याच नाहीत, म्हणजे फोटॉनला तिथून निसटायला वाट नाही.