दाजीपूरचं तिकीट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी): जंगल आपलंच आहे, मग आत जायला पैसे कशाला?

आपण ज्याला तिकीट म्हणतो ते परवान्याचं शुल्क आहे. अभयारण्यात पर्यटनासाठी जायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ नुसार परवाना लागतो आणि त्याला अटी असतात. म्हणूनच ‘पैसे भरले, आता गवा दाखवा’ हा हट्ट चालत नाही. दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखलं गेलं, १९८५ मध्ये हद्द वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं.

प्रश्न (इचलकरंजी): शुल्क दुप्पट केलं तर गर्दी आपोआप कमी होईल ना?

मला नाही वाटत. मोठी गाडी घेऊन आलेला माणूस दुप्पटही देईल. मागे राहील तो एसटीनं आलेला कॉलेजचा पोरगा, आणि जंगल बघायला हवं ते त्यानंच. गर्दीला आवर घालायचा तर आकडा ठरवावा लागतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठेवली गेली. शनिवार-रविवारी आपल्याकडेही गाड्यांची संख्या अशीच बांधायला हवी. दर मात्र परवडणाराच ठेवावा, विद्यार्थ्यांना सवलत द्यावी.

प्रश्न (गारगोटी): हा पैसा जातो कुठं?

खरा प्रश्न हाच. गवे भातात, उसात उतरतात तेव्हा रात्र रात्र राखण करतो तो काठावरचा शेतकरी. जंगल टिकण्याची किंमत रोज तोच मोजतो, म्हणून शुल्कातला ठसठशीत वाटा त्याच्या गावच्या समितीकडे यायलाच हवा, आणि जमा-खर्च ग्रामसभेत वाचला जावा. तुम्ही स्वतःही एवढं करू शकता: पावती मागून घ्या, वाटाड्या गावातलाच घ्या, जेवण शहरातून बांधून नेण्याऐवजी तिथल्या घरगुती खाणावळीत सांगा. नाचणीची भाकरी आणि झुणका मिळाला तर सोडू नका.

प्रश्न (कागल): पावसाळ्यात सफारी बंद का?

भिजलेल्या मातीच्या वाटा चाकांनी उखडतात, गाड्या रुततात. जंगलालाही तेवढे महिने निवांत मिळायला हवेत.

प्रश्न (शाहूपुरी): आत गाणी लावली, कचरा राहिला तर खरंच कारवाई होते का?

होऊ शकते. अभयारण्यात कचरा टाकायला आणि प्राण्यांना त्रास द्यायला कलम २७ नुसार मनाई आहे. पिशवी सोबत ठेवा, रिकाम्या बाटल्या घरी आणा. गाडीतला स्पीकर नाक्यावरच बंद करा.