कुकरबद्दल ग्रुपवर खरं लिहिलं आणि दहा लाखांची नोटीस आली

प्रश्न : मी नाशिकला राहते. आमच्या सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणी काही नवीन घेतलं की ते कसं निघालं, हे आम्ही एकमेकींना सांगतो. दिवाळीच्या आधी मी इथल्याच एका दुकानातून २,४५० रुपयांना पाच लिटरचा कुकर घेतला. पंधरा दिवसांत झाकण नीट बसेना, बाजूने वाफ जायला लागली आणि एकदा तर शिट्टी न होताच सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने पावतीवरचं ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दाखवलं. मी घडलेलं सगळं फोटोसकट ग्रुपवर लिहिलं. शेवटी रागाने ‘हा माणूस चोर आहे, सगळ्यांना असाच फसवतो, याच्या दुकानाची पायरी चढू नका’ असंही लिहिलं. माझ्या जाऊबाईंनी ते त्यांच्या ग्रुपवर पाठवलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. सात दिवसांत लेखी माफी मागा, दहा लाख रुपये भरपाई द्या, नाहीतर फौजदारी खटला आणि आयटी कायद्याचं कलम ६६अ. ग्रुपच्या ॲडमिनलाही नोटीस गेली आहे. घरचे म्हणतात, माफी मागून मोकळी हो. मला अटक होईल का?

उत्तर : ताई, आधी अटकेचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. या प्रकरणात पोलीस दारात येऊन तुम्हाला घेऊन जाऊ शकत नाहीत. अब्रूनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेचा पर्यायही ठेवला आहे. ऐकायला हे भीतीदायक आहे. पण हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास किंवा अटक करता न येणारा, आणि जामीनपात्र आहे. दुकानदाराला स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन खासगी तक्रार करावी लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटला त्या तक्रारीची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागेल. ही संधी जुन्या कायद्यात नव्हती आणि तुमच्यासारख्या प्रकरणात तिचं मोल फार मोठं आहे.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ तर आज अस्तित्वातच नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, देशभर संताप उसळला आणि त्यातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरलं. नोटिशीत ते घातलं असेल तर उत्तरात एका वाक्यात तसं लिहायचं आणि पुढे जायचं.

दहा लाखांचंही तसंच. नोटिशीत लिहिलेला आकडा म्हणजे तुमच्यावरचं कर्ज नव्हे. दुकानदाराला भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा असेल तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागेल, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागेल आणि आपली अब्रू तुमच्या मजकुराने खरोखर गेली, हे दाखवावं लागेल.

आता मुद्द्याकडे येते. तुमचा तो मजकूर मी दोन भागांत वाचला. पहिल्या भागात तारीख आहे, किंमत आहे, झाकणाचा फोटो आहे, दुकानदार काय म्हणाला ते आहे. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे आणि त्याला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याचा. नववा, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा. दहावा, समोरच्याच्या भल्यासाठी दिलेल्या इशाऱ्याचा. ज्या कुकरचा व्हॉल्व्ह अवेळी उडतो त्याच्याबद्दल शेजारणीला सावध करणं या तिन्हीत बसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाणी दाव्यात तर मजकूर खरा असणं एवढाच बचाव पुरेसा असतो.

दुसरा भाग म्हणजे ‘चोर आहे’ आणि ‘सगळ्यांना फसवतो’. इथे तुमची बाजू लंगडी आहे. त्याने चोरी केल्याचं तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. सगळ्या गिऱ्हाइकांचं काय झालं, हे तुम्हाला माहीत नाही. कायद्यात सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, खात्री करून बोलणंही त्यात येतं. रागाच्या भरात ती काळजी सुटली. दुकानदाराच्या बाजूनेही बघायला हवं. गल्लीतल्या दुकानाचा सगळा धंदा नावावर चालतो. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात अब्रूनुकसानीचा गुन्हा कायम ठेवला, तेव्हा प्रतिष्ठेला घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलं. तो हक्क त्यालाही आहे. ‘पायरी चढू नका’ हे मात्र मला खटकत नाही. तो तुमचा सल्ला आहे आणि स्वतःच्या अनुभवावरून सल्ला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून घरच्यांचं अर्धंच ऐका. सरसकट माफी मागू नका. ‘मी लिहिलेलं सगळं खोटं होतं’ अशा मसुद्यावर सही केलीत, तर कुकरबद्दलची तुमची खरी तक्रारही त्याच कागदाने बुडेल. नोटिशीसोबत तयार माफीनामा जोडलेला असेल तर त्याला हातही लावू नका. मागे घ्यायचे ते फक्त ते दोन आरोप. ज्या ग्रुपवर लिहिलं त्याच ग्रुपवर, साध्या शब्दांत, असं काहीसं लिहा :

‘मी घेतलेल्या कुकरबद्दल इथे जो अनुभव लिहिला तो खरा आहे आणि त्यावर मी ठाम आहे. मात्र दुकानदारांबद्दल “चोर” आणि “सगळ्यांना फसवतो” हे शब्द मी रागात लिहिले. इतर ग्राहकांच्या अनुभवाबद्दल मला माहिती नाही. ते शब्द मी मागे घेते. ज्यांनी माझा मजकूर पुढे पाठवला त्यांनी हा खुलासाही तिथे पाठवावा.’

यात कमीपणा काहीच नाही. उलट उद्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायची वेळ आली तर तुमची सद्भावना दाखवणारा हाच पहिला कागद असेल.

जाऊबाईंनाही हे करायला सांगा. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवणारा ‘मी लिहिलं नाही’ एवढं म्हणून सुटत नाही, कारण बदनामीकारक मजकूर पसरवणं हेही कलमात येतं. ॲडमिनताईंनी मात्र निर्धास्त राहावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यांनी तसं छोटं उत्तर पाठवावं.

मूळ मजकूर पुसायच्या फंदात पडू नका. इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनमधून जाणारही नाही आणि तुम्ही काही लपवलंत असा अर्थ निघेल. आधी पूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन सध्या बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

या नोटिशीच्या गडबडीत एक गोष्ट विसरली जाते आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. या प्रकरणात खरी तक्रारदार तुम्ही आहात. सदोष वस्तू विकली गेली तुम्हाला, आणि कुकरचा दोष जिवावर बेतू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर तीस दिवसांत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून तुमचा हक्क जात नाही. रंग आवडला नाही म्हणून साडी परत करायला जाणं वेगळं. तिथे दुकानदार नाही म्हणू शकतो. वस्तूत दोष असेल तर ती ओळ चालत नाही.

कुकर आहे तसा ठेवा. दुरुस्त करू नका, रिंग बदलू नका, वापरू तर मुळीच नका. तक्रार ग्राहक आयोगात गेली आणि आयोगाला गरज वाटली तर तो वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो आणि तिथे मूळ स्थितीतलाच कुकर लागेल. त्यावर आयएसआयची खूण आहे का ते आजच बघा. खोक्यावर नको, भांड्यावर बघा. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ हे मानक आणि ती खूण सक्तीची आहे. खुणेखाली परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते कळतं. खूणच नसेल किंवा क्रमांक बनावट निघाला तर तुमची बाजू दोन्ही ठिकाणी एकदम बळकट होते : ग्राहक तक्रारीतही, आणि ‘मी लोकहितासाठी लिहिलं’ या बचावातही. ब्युरोकडे तशी तक्रार जरूर करा. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार कलम ३५६ च्या आठव्या अपवादाने सुरक्षित आहे, म्हणजे तिथे लिहिताना हात आखडता घ्यायचं कारण नाही.

नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण वाट बघू नका. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. पुष्कळदा तेवढ्याने कंपनी जागी होते. तक्रारीत दुकानदाराबरोबर कुकर बनवणाऱ्या कंपनीलाही पक्षकार करा. मागणीत २,४५० रुपये, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई असू द्या. मनस्तापाचा आकडा झेपेल एवढाच लिहा. फुगवलेल्या आकड्याने तुमच्या सच्चेपणावर शंका येते, त्याच्या दहा लाखांबद्दल मला वाटली तशीच.

पावती कच्ची असली तरी चालेल. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीची प्रत काढा. पक्कं बिल मागूनही दिलं नसेल, तर तीही कायद्याने अनुचित प्रथाच आहे आणि तक्रारीत तिचाही उल्लेख करा.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीतच द्या. नाशिकमधल्या एखाद्या वकिलांकडे मूळ नोटीस, पाकिटासकट, घेऊन जा. उत्तर एका पानाचं पुरे, त्यात एवढंच लिहायचं : अनुभव खरा असून त्याचे पुरावे आहेत. ते दोन शब्द तुम्ही मागे घेतले आहेत, खुलाशाची प्रत जोडली आहे. दहा लाखांची मागणी अमान्य आहे. कुकर सदोष असून त्याचे पैसे पंधरा दिवसांत परत करावेत, नाहीतर आयोगात तक्रार होईल. ‘सर्व हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द त्यात असू द्या. उत्तर स्पीड पोस्टने पाठवा, पोच घ्या, आणि तोपर्यंत दुकानदाराशी किंवा त्याच्या माणसांशी फोनवर काहीही बोलू नका.