नेटवाला ब्लू-रे प्लेअर आणि पेन ड्राइव्हवर न मावणारं लग्न

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही खानापूरकडचे. थोरल्या दादानं दुबईहून येताना नेटवाला ब्लू-रे प्लेअर आणलाय. रिमोटवर यूट्यूबचं बटण हाय पण दाबलं की नुसतं गोल फिरालंय आणि मग एरर. भाच्याच्या बारशाचा मोबाईलवरचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरनं उघडंना, एका पिक्चरला चित्र दिसतंय तर आवाज न्हाई, आणि दादाच्या लग्नाची ६ जीबीची फाईल तर कॉपीच होईना झालीय, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा सगळा मोकळा असून! प्लेअर बाद हाय काय? आई रोज विचारालीय, लग्न कधी दाखवतोस म्हणून.

उत्तर : प्लेअर बाद नाही हो. आईंना बघायचं ते दादाचं लग्न आधी बघू, यूट्यूब नंतर.

पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ मध्ये, म्हणजे फाईली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट असणार, त्यात एकेक फाईल ४ जीबीच्या आतच लागते. म्हणजे खोली ऐसपैस पण दार अरुंद, कपाट आत जातच नाही. कॉम्प्युटरवर एनटीएफएस या मोठ्या फाईली चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, पण आधी मॅन्युअलमध्ये बघा तुमचा प्लेअर ते वाचतो का, आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं हे विसरू नका, आमच्या घरी एकदा मुंजीचे फोटो असेच गेले आणि अजून ऐकून घेतोय मी.

बारशाचं कारण वेगळं. आताचे मोबाईल जागा वाचवायला एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीत रेकॉर्ड करतात, जुन्या प्लेअरला आधीची एच.२६४ कळते, हे नवीन कळत नाही. फाईलच्या नावामागं एमपी४ दिसतंय म्हणून फसू नका, ते नुसतं पिशवीचं नाव, आत काय भरलंय ते वेगळंच. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एच.२६४ निवडून फाईल बदलून घ्या, आणि पुढच्या वेळेपासून मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच एच.२६४ करून ठेवा म्हणजे कटकट नको.

आवाज नाही तिथं प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन बिटस्ट्रीमच्या जागी पीसीएम करा. बिटस्ट्रीम असलं की प्लेअर डीटीएस (पिक्चरच्या आवाजाची एक पद्धत) आवाज आहे तसाच टीव्हीकडं ढकलतो, बऱ्याच टीव्हींना तो उलगडता येत नाही, मग मुकं चित्र. पीसीएम केलं की प्लेअर स्वतःच उलगडून देतो. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

आता यूट्यूब. आधी प्लेअरची तारीख बघा. करंट गेला की काही प्लेअरची तारीख वर्षानुवर्षं मागं जाते, आणि तारीख चुकली की नेटवरची सुरक्षित जोडणी होतच नाही, आणि खानापुरात पावसाळ्यात करंट किती टिकतो ते मी तुम्हाला काय सांगणार. वायफाय दिसतच नसेल तर राऊटरचा २.४ गिगाहर्ट्झ हा वायफायचा पट्टा चालू आहे का बघा, नाहीतर राऊटरपासून प्लेअरपर्यंत सरळ लॅनची (नेटची) वायर ओढा. मग फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. एवढं करूनही गोल फिरतच राहिलं तर त्याच्या नादाला लागू नका. प्लेअरमधलं ॲप कंपनी अपडेट द्यायची तोवरच चालतं, नेटफ्लिक्सनंसुद्धा डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या मशीनवरनं स्वतःला काढून घेतलं होतं. टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक (यूट्यूबसारखी ॲप टीव्हीवर चालवणारी छोटी काडी) लावा आणि प्लेअर डिस्क आणि घरच्या फाईलींसाठी ठेवा, त्यात तो अजून पक्का आहे.

एक राहिलं, ब्लू-रे डिस्क कुठल्या देशांत चालावी याचे गट असतात, त्यांना रीजन म्हणतात; दुबईचा प्लेअर रीजन बी चा असतो, आपल्याकडं सी, त्यामुळं इथं विकत घेतलेली एखादी डिस्क तो नाकारू शकतो. स्टुडिओवाल्यानं बनवून दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडीला रीजनची भानगड नसते.

प्रश्न : आमच्या लग्नाची २००६ ची डीव्हीडी हळदीपाशी अडकतीय. काय करू? (निपाणीहून एक ताई)

उत्तर : ताई, मऊ सुती कापडानं मधनं कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नको. वरचा कागदी स्टिकर ओढून काढू नका. मग प्लेअर सोडून कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, बऱ्याचदा तिथं वाचली जाते. वाचली की थांबू नका, लगेच मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, डीव्हीडीवरचे एकेक जीबीचे तुकडे जोडून एकच फाईल मिळते आणि क्वालिटी अजिबात जात नाही. स्टुडिओवाल्यानं सप्तपदीवर उडवलेले बदाम मात्र तसेच येतील, त्यावर माझ्याकडं उपाय नाही.