फ्लिपर मरगळला, मग फ्यूज गेला

प्रश्न : गुहागरला आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. मुंबईच्या भंगारवाल्याकडून जुनं अमेरिकी पिनबॉल यंत्र आणून पडवीत ठेवलंय. गुणांचे आकडे चक्रांवर फिरतात, 120 व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर वेगळा लावलाय. पावसात डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू टोलवणारा दांडा, मरगळला. वायरमनने फ्लिपरखालची स्विचची पट्टी वाकवून दिली, तर गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांनी दोन दिवस धुमाकूळ घातला. तिसऱ्या दिवशी जळका वास आला नि फ्यूज उडाला. जास्त अँपिअरचा फ्यूज घालू का?

उत्तर : मुळीच नको. आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

वायरमनला बोल लावू नका. हर्णैहून असंच एक यंत्र माझ्याकडे आलं होतं, तेव्हा मीही पट्टी वाकवली होती. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “काय करपवलंत?” करपलं होतं फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलचं वॉर्निश. दुसऱ्या दिवशी ती कॉइल उलगडत बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

कॉइलच्या आत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्या, असतात. जाड तारेचं फटका मारतं, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवतं. फ्लिपर खाली असताना पट्टीचे पॉइंट जुळलेले असतात. करंट बारीक तारेला वगळून जातो, सगळा जोर जाड तारेत. फ्लिपर वर पोचता पोचता पॉइंट उघडतात, बारीक वाइंडिंग वाटेत येतं, करंट घटतो. खाऱ्या दमट हवेत पॉइंटवर पूट चढलं की बारीक तार सुरुवातीपासूनच वाटेत; म्हणून मरगळ. आणि वाकवलेली पट्टी उघडेचना, तर बटण दाबलेलं असेपर्यंत जाड तार तापत राहते. पोरं बटण कशाला सोडतात!

आता कॉइलची एक वायर सोडवा आणि बाहेरच्या दोन टोकांवर मीटर लावा. पॉइंट जुळलेले असताना दोन-चार ओहम दिसायला हवेत. मध्ये कागद सरकवला की आकडा कित्येक पटींनी चढायला हवा. चढत नसेल, किंवा वरचं वेष्टण काळं पडून फुगलं असेल, तर कॉइल बदलावी लागेल. रिवाइंडिंगवाल्याला जुनीच नमुना म्हणून द्या, दोन्ही तारांचे वेढे मोजून घ्यायला सांगा.

फ्लिपरचे पॉइंट टंगस्टनचे, कडक असतात. त्यांना बारीक कानस चालते. गुण मोजणाऱ्या पट्ट्यांना मात्र कानस लावू नका, जाड कोरा कागद मध्ये धरून ओढला की पुरे. मग हाताने फ्लिपर पूर्ण वर नेऊन बघा : पॉइंटमध्ये दीड-दोन मिलिमीटर फट पडली पाहिजे. फ्यूज यंत्रावर लिहिलेल्याच अँपिअरचा.

यंत्र चक्रांचं आहे हे बरंच झालं. 1977च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. त्यांचे बोर्ड समुद्राकाठी सांभाळणं मला तरी जमलं नसतं.

बटणामागची पट्टीही पुसा. आणि पुढच्या मृगाआधी यंत्र पडवीतून माजघरात घ्या.