फिलॉसॉफी शिकून रोजच्या आयुष्यात खरंच काही उपयोग होतो का?

हो, होतो, पण तो पगारात दिसत नाही, वाद घालताना आणि निर्णय घेताना दिसतो. बीएला माझा हाच विषय होता म्हणून सांगतो. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार दिलेत, खरं काय ते शोधायला केलेला वाद, नुसतं जिंकायला केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. आता आपल्या गोव्यात रविवारच्या ग्रामसभेत जाऊन बसा, अर्ध्या तासात तिन्ही ओळखू येतील :) कोणी उठून म्हणतो "खाणी सुरू करा नाहीतर पोरं उपाशी मरतील", तेव्हा जगात दोनच पर्याय आहेत असं भासवलं जातंय हे लगेच खटकतं, मग खाणींना तुमचा पाठिंबा असो नाहीतर विरोध. ही सवय एकदा लागली की बँकवाला एफडीच्या नावाखाली विमा गळ्यात मारायला लागला तरी नेमकं काय विचारायचं ते सुचतं. मनासाठीही आहे, माणसाला घटना नाही तर घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५० च्या दशकात आपल्या थेरपीत सरळ उचललाय. फक्त एक, झोप उडालीय, डिप्रेशन आहे असं काही असेल तर एपिक्टेटस वाचत बसू नका, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना दाखवा.