सतरा एकांची संख्या आणि एक्सेलची शून्यं

ताई, तुमच्या लेकीनं सतरा एकांच्या संख्येचे अवयव दाखवणारा जो तक्ता केलाय, तो बरोबर आहे. एकापुढे एक सतरा एक लिहिले की होणारी संख्या २०७१७२३ × ५३६३२२२३५७ अशीच फुटते. शाळेच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ती शेवटी दोन शून्यं घेऊन आली आणि 'हिला तर चारनं भाग जातो' म्हणून परीक्षकांनी तक्ता परत दिला, हे तुम्ही लिहिलेलं वाचून डोकंच फिरलं. आमच्या पुतणीचं इथंच कोल्हापुरात एका प्रदर्शनात हेच झालं होतं. पोरगी म्हणत होती, कागदावर गुणाकार करून दाखवते. परीक्षकांचं एकच, "कॉम्प्युटर चुकतोय व्हय?" शेवटचा आकडा एक असलेली संख्या सम कशी असेल, एवढं तरी बघायचं! तक्ता बाद. फेरतपासणीचा अर्ज दिला, त्याचं उत्तर अजून यायचंय.

मी काही गणिताचा मास्तर नव्हे, गांधीनगरात कापडाचे हिशेब लिहितो. पण हे दुखणं आमच्या धंद्यातलंच. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच खरं धरतं, पुढं शून्यं भरतं. सोळा आकडी खातेनंबर याच पायी बिघडतात. ब्राउझरमधली बरीच गणकयंत्रंही ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढं प्रत्येक पूर्णांक धरू शकत नाहीत. सतरा एकांच्या आसपास तर त्यांना फक्त सम संख्याच दिसतात, म्हणून शेवटी १२ येतात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, तिथं पूर्णांक कितीही लांब चालतो. मात्र साधी तिरकी रेघ (/) देऊन भागू नका, त्यात पुन्हा हेच दुखणं; बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह (%) द्या.

परीक्षकांपुढं मांडायला खरा मुद्दा वेगळाच आहे. सतरा ही मूळ संख्या. या संख्येचा अवयव असलेल्या कुठल्याही मूळ संख्येतून एक वजा केला, तर उरलेल्याला १७ नं भाग जातोच, आणि ती मूळ संख्या विषम असल्यामुळं ३४ नंही. म्हणजे अवयव शोधताना ३५, ६९, १०३ अशा ओळीतल्याच संख्या तपासायच्या. २०७१७२३ ही त्या ओळीतली ६०९३३ वी. सरसकट विषम संख्या तपासत बसलात तर दहा लाखांच्या वर जातील. माझ्या मते तक्त्यावर निम्मी जागा यालाच द्यावी, रंगीत फुलं कमी करावीत.

आणि 'एक जितक्या वेळा लिहिले तो आकडा मूळ असला की आख्खी संख्याही मूळ' असं तिनं कुठं लिहिलं असेल तर खोडायला सांगा. अकरा एक म्हणजे २१६४९ × ५१३२३९. दोन, एकोणीस, तेवीस एकांच्या संख्या मूळ निघतात, त्यापुढची थेट ३१७ एकांची.

जाता जाता, नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी असल्या संख्यांना डेम्लो नाव दिलं होतं. तोही सतरा आकडीच, तेव्हा एक्सेलमध्ये टाकू नका.